ऊन दाखवायचे दिवस

अश्विनातलं ऊन अंगणात उतरलं की आमच्या घरात एक भांडण हमखास सुरू होतं. "अहो, आज अंगण तुमच्या भोंग्यांना द्यायचं की माझ्या गाद्यांना?" असं मंदा विचारते. मंदा म्हणजे माझी बायको. विचारते म्हणायचं एवढंच, निकाल तिनं आधीच लावलेला असतो. अर्ध्या अंगणात गाद्या, उशा, ट्रंकेतल्या साड्या आणि वर्षाच्या डाळी. उरलेल्या अर्ध्यात माझे ग्रामोफोन, त्यांचे पितळी आणि पत्र्याचे कर्णे, लाकडी पेट्या, मखमलीला बुरशी धरलेली झाकणं. चार महिन्यांच्या पावसात बोईसरमध्ये कशाला ओल लागत नाही ते सांगा. चपलांवर हिरवं येतं, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरं येतं, मीठ तर बरणीत रडतच असतं. म्हणून ह्या दिवसांत जो तो उठतो आणि आपल्या चीजवस्तूंना ऊन दाखवतो. वाळवणं वेगळं, ऊन दाखवणं वेगळं. ऊन दाखवण्यात थोडा लाड असतो.

तबकड्या मात्र मी बाहेर काढत नाही. लाखेच्या त्या तबकड्या उन्हात ठेवल्या की पापडासारख्या वाकतात, हे मंदालाही आता पाठ झालं आहे. आणखी पुठ्ठ्याच्या डब्यातली एक जुनी नळी आहे, कापसात गुंडाळलेली. तीही कपाटातच राहते. यंदा मी कपाट उघडलं, नळीला हात लावला आणि तसंच बंद केलं. मग त्या खोलीत मी काय करायला आलो होतो तेच बराच वेळ आठवेना.

माझ्याकडे नक्की काय काय आहे हे मला कुणी विचारलं तर धड सांगता येत नाही. संग्रह करणाऱ्याला हे शोभत नाही, पण माझा एकूण कारभार गोंधळाचाच. सत्तरच्या दशकात मी इथल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. रविवारी लोक पत्ते खेळायचे, झोपायचे. मी सायकल काढून जुनी यंत्रं हुडकत फिरायचो. महामार्गावर मनोरला भंगारवाले बसत. त्यांतल्या एकानं मला पहिला कर्णा विकला तेव्हा तो म्हणाला, "साहब, बजता नहीं है, पर चमकता बहुत है." त्याच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन मी तो घेतला. चमकणंही आठवड्याभरात थांबलं.

पुढे कळत गेलं की ह्या जुन्या आवाजांच्या जाती माणसांपेक्षा जास्त आहेत. काही तबकड्यांना एकाच बाजूला गाणं असतं, दुसरी बाजू कोरी गुळगुळीत. काहींचं गाणं कडेपासून आत येतं, तर काहींचं मध्यापासून सुरू होऊन कडेला संपतं. काहींत सुई डावी-उजवीकडे हलते, काहींत वर-खाली. मासवणच्या एका घरी भाताच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवलेली तबकडी मला मिळाली होती. ती लावली तर नुसती खरखर. ही कोरीच आहे असं मी बरेच महिने छातीठोकपणे सांगत होतो. मग कुणीतरी सांगितलं, अरे, ही वर-खालीवाली आहे, हिला पोलादी पिन चालत नाही, गोल टोकाचा खडा लागतो. खडा मिळवला, लावला, आणि त्या कोऱ्या तबकडीतून चक्क एक बाई हसली. तेव्हापासून कशात आवाज आहे आणि कशात नाही ह्याबद्दल मी पैज मारायचं सोडून दिलं.

आणि तबकड्यांच्याही आधीच्या त्या मेणाच्या नळ्या. हातभर नव्हे, वीतभरही नव्हे, मुठीत मावेल एवढी नळी, तिच्या अंगावर केसाएवढ्या बारीक रेघा. ती फिरवायचं यंत्र मला मिळालं ते तारापूरच्या एका पारशी बंगल्यात. घरात शिरीनबाई एकट्याच उरलेल्या. मुलं परदेशी. माळ्यावरचं सामान त्या हळूहळू काढून टाकत होत्या. "घेऊन जा, डिकरा," त्या म्हणाल्या, "हा भोंगा माझ्याकडे बघत बसते आनि मला भीती वाटते." यंत्र होतं, नळी एकही नव्हती. वाजवायला काहीच नाही असं ते वाजवायचं यंत्र मी मोठ्या ऐटीत घरी आणलं. मंदानं फक्त कपाळाला हात लावला.

त्याच अश्विनातली गोष्ट. यंत्र अंगणात ऊन खात बसलं होतं. हिरूबाय टोपली घेऊन फाटकातून आत आली. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या मांगेल्यांच्या आळीतली ही म्हातारी आमच्याकडे कितीतरी वर्षं मासळी घालत होती. "वयनी, बोंबील हाय ओले, काट्याला पन पानी सुटलंय," अशी तिची हाक गल्लीच्या टोकापासून यायची. त्या दिवशी हाक अर्ध्यावर तुटली. टोपली तिनं खाली ठेवली आणि ती त्या कर्ण्याकडे बघत उभी राहिली.

"हा तं शेटच्या बंगल्यातला भोंगा," ती म्हणाली. "तुज्याकडं कसा आला रं भावा?"

"शिरीनबाईंनी दिला मावशी. तुम्ही पाहिला होता का तिथं?"

"मी कशी पायनार? मी तवा एवढीशी. माजा बापूस सांगं, असा भोंगा शेटकडंच. माज्या आयला शेटनी ह्या भोंग्याम्होरं गायला लावलेलं. तिचा आवाज हाय ना माज्याकडं."

मंदा ताटली घेऊन बाहेर आली होती. "आवाज तुमच्याकडं आहे म्हणजे?"

"डब्यात हाय," हिरूबाय म्हणाली. जणू आपण मीठ डब्यात आहे म्हणावं.

मग बोंबील तसेच राहिले आणि ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. त्यांच्या आळीत लग्नाची हळद गाण्याशिवाय लागत नाही. गाणारी ती धवलारीण. पण गाणं सगळ्या घरांचं एक नसतं. ज्या त्या घराचं आपलं एक हळदीचं गाणं, ते आई मुलीला देते, सासू सुनेला देते, आणि दुसऱ्या घरानं ते मागितल्याशिवाय गायचं नसतं. हिरूबायची आई नावाजलेली धवलारीण होती. ती गेली तेव्हा हिरूबाय इतकी लहान होती की आईचा चेहराही तिच्याजवळ नाही. बापानं दुसरा घरोबा केला नाही. घरात बाई नाही, म्हणून घराचं गाणंही गेलं. हिरूबायची स्वतःची हळद शेजारणीच्या गाण्यावर लागली, तिच्या मुलाची लागली तीही दुसऱ्या घरच्या.

"उसनं गानं," ती म्हणाली. "उसनं मीट आनावं तसं. आता नातीचं लगीन हाय तुळशीच्या लग्नानंतर. माज्या वंदनाचं. ती तरी आपल्या घरच्या गान्यावर पिवळी व्हावी, एवढंच मला."

"मग इतकी वर्षं ऐकलं का नाही ते?" मी विचारलं.

"शेटनी डबा बापसाच्या हाती दिलेला. तो सांगून गेलेला, झाकन उगडू नको. उगडलं तं आवाज जाईल."

मला हसू आलं होतं. आज त्या वाक्याचं मला हसू येत नाही. काय येतं ते मात्र सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी मी तारापूरला तिच्या घरी गेलो. आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. बांबूच्या मांडवांवर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले, खाली जाळ्यांवर करंदी पसरलेली, पत्र्यांवर गोधड्या, तुळशीजवळ देवाच्या वस्त्रांची घडी, कुणाच्या तरी म्हाताऱ्याला खाटेसकट आणून उन्हात ठेवलेलं. सगळी आळीच ऊन खात होती. मला तो वास आवडतो, हे मंदासमोर मी अजून कबूल केलेलं नाही. हिरूबायनं पत्र्याच्या पेटीतून लाल फडकं काढलं, त्यातून कापराचा वास आला, आणि आत पुठ्ठ्याचा उभट डबा. झाकणावर बोट ठेवून ती थांबली. नात वंदना दारात उभी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, चेष्टेखोर डोळ्यांची. "उगड ना वो आजी," ती म्हणाली, "आतून भूत तं नाय निगनार."

"तूच उगड रं भावा," हिरूबाय मला म्हणाली. "गेला तं तुज्या हातनं जाऊ दे, माज्या हातनं नको."

मी झाकण काढलं. आत बोटं घालून, बाहेरून स्पर्श होऊ न देता, नळी उचलली. तपकिरी मेणाची, गुळाच्या रंगाची, अंगावर बुरशीचे पांढरे ठिपके. आधीच गाणं भरून विकत मिळणाऱ्या नळ्यांतली ही नव्हती, घरच्या घरी आवाज भरायची होती. मला इतका आनंद झाला की मी उलट्या पायात चपला घालून निघालो आणि फाट्यापर्यंत तसाच आलो.

त्या दुपारी हिरूबाय आणि वंदना आमच्याकडे आल्या. मंदानं खिडक्या लावल्या. यंत्राला चावी दिली, नळी चढवली, सुईचा हात टेकवला. आधी फोडणीसारखी चरचर. मग तिच्या आतून, खूप लांबून, एक आवाज. बारीक, पोरीसारखा, भराभर पळणारा. वंदनाला फस्सकन हसू फुटलं. हिरूबाय हसली नाही. ती कर्ण्याच्या तोंडाशी इतकी वाकली की मला वाटलं आत डोकावते आहे.

"आय एवढी बारीक होती?" ती म्हणाली.

यंत्राचा वेग जास्त झाला असणार, असं मी तिला समजावलं. ह्या नळ्यांवर वेग लिहिलेला नसतो. ज्यानं आवाज भरला त्यानं यंत्र किती वेगानं फिरवलं होतं ते त्यालाच माहीत. यंत्राला एक स्क्रू असतो, तो पिळला की नळी हळू फिरते. मी स्क्रू थोडा पिळला. आवाज खाली आला, भरला, पोरीची बाई झाली. बरं वाटलं. मग मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी तो आणखी थोडा पिळला. आणि खोलीत एक पुरुष गायला लागला.

अगदी पुरुषच. घोगरा, पन्नाशीचा, खाऊनपिऊन सुखी असलेला. तेच शब्द, तीच चाल. मी स्क्रू मागे घेतला, बाई आली. पुढे केला, पुरुष आला. मंदा माझ्याकडे बघत होती, वंदना आजीकडे, आणि हिरूबाय त्या फिरणाऱ्या मेणाकडे. कुठं थांबू तेच कळेना.

शेवटी मधल्या, बाईच्या आवाजावर ठेवून मी गाणं पहिल्यापासून लावलं. शब्द आता स्पष्ट येत होते. खाडीच्या पल्याड कोन दिवा लावी, असं काहीसं होतं. पण त्या 'कोन'वर नळीला एक ओरखडा होता. सुई तिथं यायची आणि अडकायची. नळीचा एक फेरा म्हणजे एक शब्द, तेवढाच शब्द पुन्हा पुन्हा. कोन, कोन, कोन... मी बोटाच्या टोकानं सुईच्या हाताला हलकेच टिचकी मारली. सुई पुढं सरकली, दिवा लागला, गाणं पुढं गेलं. पुढच्या कडव्यातही ती ओळ आली की तसंच, तो ओरखडा रेघांना आडवा, लांब होता. पुन्हा कोन, कोन, कोन, पुन्हा टिचकी. चार कडव्यांचं गाणं माझ्या बोटाला धरून कसंबसं शेवटाला पोहोचलं.

"आजून एकदा," हिरूबाय म्हणाली. ते झाल्यावर तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "बास आता. आय दमली आसंल."

मेण मऊ असतं, दर खेपेला थोडं झिजतं, तेव्हा बास करणंच बरं होतं. पण ती ते मेणासाठी म्हणाली नव्हती. मी नळी डब्यात घातली. जाताना फाटकापाशी तिनं विचारलं, "दोन आवाज होते रं त्यात. त्यातला आयचा कोंचा?"

"बाईचाच असणार मावशी," मी म्हणालो. असणार हा शब्द तिला ऐकू गेला असावा. डबा पदराखाली धरून ती वंदनाबरोबर निघाली.

मला मात्र चैन पडेना. मी शिरीनबाईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, आणि माझा उरलासुरला आधारही काढून घेतला. "माझा ससरा बहु मस्तीखोर मानूस," त्या म्हणाल्या. "ह्या मशीनमदी तो सगळ्यांचे आवाज काढून भरत होता. कलेक्टरचा, भटजीचा, कोंबड्याचा. मांगेल्यांच्या बायकांची गाणी तर असा बारीक गळा करून म्हणायचा की लोक हसून हसून पडायचे, असं माझी सासू सांगायची."

"पण हिरूबायच्या आईलाही त्यांनी गायला लावलं होतं ना?"

"लावला पन असेल, डिकरा. बधाच, सगळेच गात होते. मी लग्न करून आले तेव्हा तो मशीन माळ्यावर चढून बसला होता. मला काय ठाऊक?"

परत येताना सायकल मी ढकलतच आणली. म्हणजे तो पुरुषाचा आवाज खरा असू शकत होता. किंवा बाईचा खरा असू शकत होता. किंवा पुरुषानं बाईसारखं गायलेलं मी योग्य वेगानं ऐकलं होतं, आणि तरीही ते खोटं होतं. यंत्र मला हवं ते ऐकवायला तयार होतं, अडचण एवढीच की मला हवं ते नको होतं, खरं ते हवं होतं. जिनं आईचा आवाज कधी ऐकलाच नाही तिला आईचा आवाज ओळखायला मी बसवलं होतं. ह्या विचारानं मला स्वतःचाच राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं आणि नुसतं भांबावलेपण उरलं.

मंदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "तुम्हाला काही ठाऊक नाही, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग तेवढंच सांगा."

आधी गाणं टेपवर उतरवून घ्यावं असं मी ठरवलं. कारखान्यातल्या एकाकडे टेपरेकॉर्डर होता. तो दसऱ्याला गावी गेलेला, येईपर्यंत वाट पाहिली. टेप काखोटीला मारून, यंत्र सायकलला बांधून, ती शेटची गोष्ट जिभेवर घोळवत, मी तारापूरला पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. हिरूबाय अंगणात मासळी उलटीपालटी करत होती. मला बघून तिचा चेहरा खुलला. "बरा आलास. बुरशी सगळी गेली बग. चांगलं ऊन दाखवलं दोन दिस."

सुपात लाल मिरच्या होत्या, दोन हळकुंडं होती, देवाची पितळी घंटा होती. आणि मध्ये, डब्यातून काढून, नीट उभी ठेवलेली ती नळी. वितळली नव्हती. एका अंगाला खचली होती, आणि वरपासून खालपर्यंत तिला उभा तडा गेला होता.

मी खाली बसलो. मला काय झालं ते तिला कळेना. "आता हे वाजणार नाही मावशी," मी म्हणालो.

"का?"

"उन्हानं खराब झालं."

"उन्हानं?" ती हसली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. "उन्हानं कंदी कोन खराब व्हतं का रं? म्हावरं उन्हानं टिकतं. भात टिकतं. आमी पोरगं जल्मलं का त्याला ऊन दाखवतो. पान्यानं खराब व्हतं, वाऱ्यानं व्हतं. उन्हानं कसं व्हईल?"

मेणाचं रसायन मला येत होतं, पण तिनं विचारलं होतं ते रसायन नव्हतं. पावसाळ्यानंतर जे जे जिवापाड जपायचं ते ते तिनं आयुष्यभर असंच उन्हात ठेवलं होतं. ज्या वस्तूला ती इतकी वर्षं भिऊन हात लावत नव्हती, ती तिनं पहिल्यांदा आपली म्हणून जवळ घेतली, आणि आपल्या वस्तूला करतात तेच तिच्यासाठी केलं. आणि बापानं सांगितलं होतं तसं झाकण उघडल्यावर आवाज गेलाच की. म्हणजे त्या म्हाताऱ्याचं खरं ठरलं. ते कोणत्या अर्थानं खरं ठरलं, ह्याचा विचार करायला मी लागतो आणि दर वेळी मध्येच सोडून देतो.

ती बराच वेळ त्या तड्यावरून बोट फिरवत होती. मला ती गोष्ट आता सांगू नये असं वाटत होतं, आणि म्हणूनच बहुतेक मी ती सांगून टाकली. शेट नकला करायचा, बायकांच्या आवाजात गायचा, तो आवाज त्याचाही असेल. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"शेट गायला आसंल," ती म्हणाली. "पन तो कुटनं शिकला? त्याच्या घरात काय हळदीचं गानं होतं? आयकूनच शिकला ना तो? मंग गानं तं आमचंच."

"हो. गाणं तुमचंच."

"हां." तिनं नळी मिरच्यांमधून उचलून पदरात घेतली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "पन आयचा आवाज आयकला का नाय आयकला, ते आता मला मरस्तोवर समजायचं नाय."

मला रडू आलं. मी टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळत बसलो, जी आधीच गुंडाळलेली होती. थोड्या वेळानं ती उठून मासळी उलटायला लागली आणि उलटता उलटता गुणगुणायला लागली. खाडीच्या पल्याड... मी मान वर केली. दोनदाच ऐकलं होतं तिनं. कडव्यापुढं कडवं, सगळं तिच्याजवळ होतं. टेप सुरू करावा असं मला तेव्हा सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी आळीत दुपारची वीज नसायची, हे मला मागाहून कळलं. निघताना तिनं ती नळी डब्यासकट माझ्या हातात दिली. "तूच ठेव. माज्या घरात परत उन्हात जाईल."

वंदनाच्या हळदीला आम्ही दोघं गेलो. तुळशीचं लग्न होऊन थंडी सुरू झाली होती, मांडवाला आंब्याचे टाळे बांधले होते, वंदना पाटावर बसली होती आणि तिच्या चेष्टेखोर डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं. पितळेच्या तांब्यावर एक हात ठेवून हिरूबाय गायला बसली. आळीतल्या बायका कान देऊन ऐकत होत्या, कारण ह्या घराचं गाणं त्यांच्यातल्या कुणी कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या गळ्यातून ते निघालं, खरखरीत, सरळ. आणि मग ती त्या जागेवर आली. खाडीच्या पल्याड कोन, कोन, कोन... तिनं तांब्याच्या काठावर बोटाची टिचकी मारली. टण् असा बारीक आवाज झाला. दिवा लावी, म्हणत गाणं पुढं सरकलं.

मी मंदाकडे पाहिलं. मंदानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी गप्पच बसलो. पुढच्या कडव्यात पुन्हा तेच. कोन, कोन, कोन, आणि टिचकी. हिरूबायचे डोळे मिटलेले होते. तिनं गाणं जसं मिळालं तसं घेतलं होतं, त्यातलं कुठलं आईचं, कुठलं शेटचं, कुठलं ओरखड्याचं आणि कुठलं माझ्या बोटाचं हे ती निवडत बसली नव्हती. तेव्हा मला वाटलं, जेवणं झाल्यावर हळूच सांगावं. जेवणं झाली, आम्ही विडे खाल्ले, परत आलो. मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नव्हतं, ह्यावर माझं मत दर वर्षी बदलतं.

हिरूबाय गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. बोईसर ओळखू येत नाही, इमारती वाढल्या, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला कारखान्यांचा वास लागला. घराघरांत कॅसेटी वाजतात, आता तर चकचकीत सीडी आल्या आहेत, त्यांना म्हणे सुईच लागत नाही. माझ्याकडे तबकड्या वाढल्या, यंत्रं वाढली, आणि त्यांतली निम्मी कोणत्या वेगानं लावायची हे मला अजून ठाऊक नाही. कधी कधी दुपारी मी एखादी लावतो, स्क्रू पिळतो, गाणाऱ्याचं वय खालीवर करतो, आणि मग कंटाळून मधेच कुठंतरी सोडून देतो. हाच खरा असं म्हणायची हिंमत होत नाही.

गेल्या वर्षी वंदनाच्या थोरल्या मुलीची हळद होती. वंदना स्वतः गायला बसली, आजीचाच तांब्या पुढं घेऊन. आता अंगानं भरलेली, गळाही भरलेला. तिच्या मागं आळीतल्या पोरी बसल्या होत्या, शिकत होत्या, प्रत्येकीपुढं एकेक तांब्या. मी खुर्चीत चहा घेऊन बसलो होतो. कोन, कोन, कोन, म्हणून सगळ्या एकदम थांबल्या, सगळ्यांची बोटं एकदम काठावर पडली, टण्, आणि दिवा लागला. वंदनानं गाता गाता माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी तीही आमच्या खोलीत होती, फस्सकन हसली होती. तिला आठवत असेल का? ती हसल्यासारखी वाटली, पण तसं मला नेहमीच काहीतरी वाटत असतं.

गाणं संपल्यावर तिची धाकटी मुलगी माझा कप न्यायला आली. मी न राहवून विचारलं, "काय गं, त्या तांब्याला टिचकी कशाला मारता?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू ह्या म्हाताऱ्याला एवढंही कळत नाही.

"टिचकी मारल्याबिगर गानं पुडं जातच नाय, काका," ती म्हणाली.

आणि इतक्या वर्षांच्या माझ्या गोंधळात, ही एक गोष्ट मात्र मला पक्की ठाऊक होती.